मीठ विरघळतं

अनितानं रिकामा मिक्सर सुरू केला आणि त्याच्या घरघरीत गोळी दोन चमच्यांमध्ये दाबून चिरडली. पूड वाटीत झटकली, वर गरम आमटी ओतली, दोनदा ढवळली. मग मिक्सर बंद केला. भांड्यात शेंगदाण्याचा दाणासुद्धा नव्हता. गेले पाच आठवडे रोज सकाळी तो असाच फिरत होता.

बाहेरच्या खोलीत प्रेरणा भिंतीला टेकून बसली होती. अनितानं ताट तिच्यापुढं ठेवलं.

"जेव गं. गरम हाय तवर."

प्रेरणानं भाकरीचे चार घास खाल्ले. वाटी तोंडाला लावली, निम्मी आमटी प्याली आणि थांबली. मग उठून खिडकीशी गेली, उजेडात वाटी तिरपी करून आत बघू लागली.

"आई, तळाशी हे पांढरं काय आहे?"

"मीठ असंल."

"मीठ विरघळतं."

अनिता पदरानं हात पुसत राहिली.

"तू माझ्या जेवणात काही घालतेस का?"

"न्हाई गं बाई. काय घालीन मी?"

"खरं सांग."

अनितानं पुढं होऊन लेकीच्या डोक्यावर हात ठेवला. "तुझी शप्पत."

प्रेरणानं त्या हाताखालून डोकं हळूच काढून घेतलं. मोरीत जाऊन आमटी ओतली, वाटी घासली, पुन्हा एकदा घासली आणि पालथी घालून ठेवली.

प्रेरणा चोवीस वर्षांची. कामशेतहून रोज लोणावळ्याला जायची, तुंगार्लीतल्या एका हॉटेलात रिसेप्शनला. तीन वर्षं झाली होती. पाहुण्यांशी हिंदीत, इंग्रजीत बोलायची आणि घरी येऊन त्यांच्या नकला करून दाखवायची. वडील कैलास भाताच्या गिरणीत कामाला. अंगावरचा कोंडा झटकत ते दारात उभे राहायचे आणि नकला संपल्यावरच आत यायचे, मध्ये आलो तर ती थांबेल म्हणून.

दिवाळीनंतर नकला बंद झाल्या. ती हॉटेलात येणाऱ्या गाड्यांचे नंबर वहीत लिहू लागली. त्या नंबरांतून आपल्याला काहीतरी कळवलं जातंय, असं तिला वाटायचं. मग दोन माणसं बोलू लागली. दिसायची नाहीत, नुसती बोलायची, तीही एकमेकांशी. उठली बघ. आता पाणी पिणार. आता दार लावणार. तिनं फोन बंद करून तांदळाच्या पिंपात पुरून ठेवला.

एके दिवशी मॅनेजरांचा गिरणीत फोन आला. मुलीला घेऊन जा म्हणाले. आरडाओरडा काही नाही, पण काउंटरखाली जाऊन बसलीय, बाहेर येत नाही. कैलास तसेच, कोंड्यानं भरलेल्या कपड्यांनी गेले. लोकांच्या देखत त्या चकचकीत फरशीवर बसले, काउंटरखाली डोकावले.

"चल पोरी, घरी जाऊ."

"पप्पा, तुम्ही एकटे आलात ना?"

"एकटाच आलोय."

तेव्हा ती बाहेर आली.

तळेगावच्या डॉक्टरांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. हा आजार आहे, कुणाची करणी नाही आणि कुणाची चूकही नाही, म्हणाले. लवकर आलात ते चांगलं झालं. रोज एक गोळी. त्यांच्यासमोर प्रेरणा गप्प बसली, आणि घरी आल्यावर तिनं गोळ्यांचं पाकीट गटारात टाकलं.

"बोलतात ते. गोळ्या त्यांना द्या की."

कैलास गिरणीत असताना अनिता शेजारच्या अंबूबाईंपाशी रडली. अंबूबाई म्हाताऱ्या, चाळीत सगळ्यांच्या मावशी. त्या म्हणाल्या, "माज्या दिराची दारू कशी सोडवली आमी? भाजीत पूड घालून. मरस्तवर कळलं न्हाई त्याला. तू आई हायस, तू न्हाई करनार तर कोन करनार?"

दुसऱ्या दिवशी अनितानं डॉक्टरांची चिठ्ठी दाखवून नवं पाकीट आणलं आणि डाळीच्या डब्यात लपवलं. कैलासला सांगितलं, घेती बरं का गोळी. माज्या हातनं घेती.

आणि गुण आला. दुसऱ्या आठवड्यात प्रेरणा शांत झोपू लागली. तिसऱ्या आठवड्यात आपण होऊन अनितापुढं पाठमोरी बसली आणि केसांना तेल लावून घेतलं. एकदा समोरच्यांची शेळी वाळत घातलेला टॉवेल चघळत होती, ते बघून खुदकन हसली. ते हसू ऐकून अनिता मोरीत जाऊन नळ सोडून रडली. पुरती बरी झाली की सांगू, असं तिनं ठरवलं होतं. तोवर प्रेरणाला वाटीत पांढरं दिसलं.

त्या दिवसापासून प्रेरणानं अनिताच्या हातचं खाणं सोडलं. ज्याला साल आहे, कवच आहे, तेवढंच ती खायची. केळी, संत्री, अंडी. अंडी स्वतः उकडायची, पाणीही स्वतः नळावर जाऊन भरून आणायची. कैलास कामावरून येताना अंड्यांचा ट्रे घेऊन यायचे. बायको का गप्प आहे, हे त्यांना उमगत नव्हतं.

गोळी थांबली. तीन आठवड्यांत ती दोन माणसं परत आली. आणि एका सकाळी अनिता अंगण झाडत असताना प्रेरणा दारात येऊन उभी राहिली, बराच वेळ तिच्याकडं बघत.

"तुम्ही कोण?" तिनं विचारलं.

अनिताच्या हातातला झाडू थांबला. लेकीनं जन्मात तिला 'तुम्ही' म्हटलं नव्हतं.

"असं काय गं? आई न्हवं का मी तुजी?"

"आवाज हुबेहूब काढता तुम्ही. पण माझी आई माझी खोटी शप्पत घेणार नाही."

तळेगावात एका जुन्या घराच्या माडीवर एक केंद्र होतं. असा आजार झालेल्या माणसांसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी. डॉक्टरांनीच पत्ता दिला होता. प्रेरणापाशी अंबूबाईंना बसवून दोघं नवरा-बायको तिथं गेली. आतल्या खोलीत चार-पाच जणं मशीनवर कापडी पिशव्या शिवत होती. त्यातलं आजारी कोण आणि शिकवणारं कोण, ते अनिताला ओळखता येईना.

तिथल्या ज्योत्स्नाताई चाळिशीच्या. चष्मा कपाळावर चढवून त्यांनी सगळं ऐकलं, मध्ये कुठं थांबवलं नाही. मग विचारलं, "गोळी ती स्वतः घेते का?"

"घेती की," कैलास म्हणाले. "हिच्या हातनंच घेती."

अनितानं पदर तोंडाशी धरला. "घेत नव्हती," ती म्हणाली. "मीच घालत हुते. आमटीत."

कैलासनी तिच्याकडं पाहिलं. उठले, कोपऱ्यातल्या माठातलं पाणी प्यायले आणि परत येऊन खुर्चीवर बसले.

"किती दिवस घालत होतात?" ज्योत्स्नाताईंनी विचारलं. आवाज आधीसारखाच होता.

"पाच आटवडं."

"आणि तिनं विचारलं तेव्हा?"

"शप्पत घेतली. तिचीच."

ज्योत्स्नाताई म्हणाल्या, "हे बऱ्याच घरांत होतं, अनिताताई. मायेपोटीच करतात. पण आता तिला ते सांगावं लागेल."

"सांगितलं तर माज्या हातचं पानीसुदिक पिनार न्हाई ती."

"आत्ता पिते?"

अनितानं मान खाली घातली.

"सांगून बरी हुईल का?" कैलासनी विचारलं.

"तसं वचन मी देऊ शकत नाही, भाऊ. पण काय खरं आणि काय भास, हे तिला एकटीला रोज शोधायचंय. लय अवघड काम आहे ते. त्यात घरातलंच माणूस खोटं बोललं, तर तिनं पाय कुठं टेकायचा?"

परत येताना तळेगाव स्टेशनच्या बाकावर दोघं गाडीची वाट बघत बसली.

"मला सांगायचं हुतंस," कैलास म्हणाले.

"तुमी तिला सांगितलं असतं."

"व्हय," कैलास म्हणाले. "सांगितलं असतं."

दर गुरुवारी ज्योत्स्नाताई घरी येऊ लागल्या. पहिल्या खेपेला त्या नुसत्या दाराच्या पायरीवर बसल्या, प्रेरणा आत. दुसऱ्या खेपेला प्रेरणा चौकटीपर्यंत आली. अनिता आतून ऐकत होती.

"तुम्हाला ऐकू येतात का ते दोघं?" प्रेरणानं विचारलं.

"नाही. मला नाही येत. पण तुला येतात, ते मी मानते. आत्ता बोलतायत?"

"हो."

"काय म्हणतात?"

"म्हणतात, या बाईला काही कळत नाही."

"त्यात तथ्य आहे," ज्योत्स्नाताई म्हणाल्या. "अजून मला फारसं काही कळलेलं नाही."

प्रेरणाच्या ओठांचा एक कोपरा हलला. मग ती पायरीवर बसली, दोघींच्या मध्ये हातभर जागा सोडून.

तिसऱ्या गुरुवारी दुपारी अनिता बाहेर आली. ऊन उंबऱ्यापर्यंत आलं होतं. ज्योत्स्नाताईंनी तिच्याकडं पाहिलं. अनिता लेकीसमोर जमिनीवरच बसली. काय बोलायचं, कसं सुरू करायचं, ते चार दिवस तिनं मनात घोळवलं होतं. त्यातलं काहीच आठवेना.

"मीठ नव्हतं ते," ती म्हणाली. "गोळी हुती. डाक्टरांची. तू घेत नव्हतीस म्हनून मी बारीक करून घालत हुते. रोज. आनी तू इचारलंस तवा खोटी शप्पत घेतली."

नाणे गावाच्या रस्त्यानं भाताची पोती भरलेला टेम्पो गेला. त्याचा आवाज लांब जाईपर्यंत प्रेरणा हलली नाही.

"मिक्सर लावून?" तिनं विचारलं.

"व्हय."

"रिकामा असायचा तो."

"व्हय."

"मला आवाजावरून कळायचं. रिकामा मिक्सर वेगळा वाजतो. मग मला वाटायचं, नाही, हेही मला उगाच वाटतंय. आई कशाला रिकामा मिक्सर फिरवेल." तिनं अनिताकडं पाहिलं. "म्हणजे ते खरं होतं."

"खरं हुतं, बाळा."

"एक तरी खरं होतं."

प्रेरणानं दोन्ही हात तोंडावर घेतले आणि ती रडू लागली. कित्येक महिन्यांत ती रडली नव्हती. अनिता गुडघ्यावर पुढं सरकली, तशी प्रेरणानं तळवा आडवा धरला.

"तू नको."

अनिता आहे तिथं थांबली. 'तू' म्हणाली, एवढंच तिच्या मनात आलं.

थोड्या वेळानं प्रेरणानं तोंड पुसलं आणि ज्योत्स्नाताईंकडं वळली. "मग बाकीचं? ते नंबर? ते दोघं?"

"मला विचारशील तर ते आजारातून येतंय असं मला वाटतं. पण मी म्हणते म्हणून मानू नकोस. एकेक करून बघू. घाई नाही."

"डॉक्टर खोटं बोलतात का?"

"तूच त्यांना विचार. काय काय विचारायचं ते लिहून ने."

तिनं वहीचं पान फाडून अकरा प्रश्न लिहिले. गोळीचं नाव काय, ती डोक्यात जाऊन काय करते, आयुष्यभर घ्यावी लागेल का, मी नाही म्हणाले तर काय कराल. डॉक्टरांनी अकराही प्रश्नांची उत्तरं दिली, दोन ठिकाणी 'माहीत नाही' म्हणाले. ते ऐकून प्रेरणानं पान घडी करून ठेवलं. त्या रात्री तिनं स्वतः भरून आणलेल्या पाण्याबरोबर स्वतःच्या हातानं पहिली गोळी घेतली. पाकीट तिच्या हॉटेलच्या जुन्या पर्समध्ये राहू लागलं. त्या पर्सला कुणी हात लावत नव्हतं.

बरं होणं झरझर झालं नाही. सुरुवातीला ती दुपारी बारापर्यंत झोपायची. अंग सुजल्यासारखं झालं, पेला उचलताना हात थरथरायचा. डॉक्टरांनी गोळी बदलली, मग प्रमाण बदललं. आषाढात दोघांपैकी एक माणूस बोलायचा थांबला. दुसरा राहिला, पण लांब गेला. शेजारच्या घरात रेडिओ लागावा तसा, असं तिनं कैलासला सांगितलं. नंबरांची वही तिनं स्वतः नेऊन ज्योत्स्नाताईंकडं ठेवायला दिली. फाडायची नाही, म्हणाली, अजून.

हॉटेलातली जागा भरली होती. पूर्वीच्या मैत्रिणी एकदा भेटायला आल्या, चहा घेऊन लवकर गेल्या. नकला काही तिनं परत केल्या नाहीत. आठवड्यातून दोन दिवस ती केंद्रात पिशव्या शिवायला जायची. गणपतीनंतर कामशेत स्टेशनजवळच्या झेरॉक्सच्या दुकानात अर्धा दिवस काम मिळालं. रविवारी वडिलांबरोबर विहारात जाऊन मागच्या ओळीत बसू लागली.

अनिताशी ती नीट बोलायची. दुकानातल्या गमती सांगायची. अनिताला जवळचं दिसेना तेव्हा तिनंच तिला नेऊन चष्मा करून आणला. फक्त जेवण ती आपलं आपण करायची. गॅसची डावी शेगडी तिची, उजवी अनिताची. तिचा कुकर वेगळा, मिठाची बरणी वेगळी. सणासुदीलाही ती ताट घेऊन शेजारी बसायची, पण ताटात तिचं तिनं केलेलं असायचं.

"आजून येडंपन गेलं न्हाई म्हनायचं," अंबूबाई एकदा म्हणाल्या.

"तसं बोलू नगा, मावशी," अनिता म्हणाली. असं ती त्यांना पहिल्यांदाच म्हणाली होती.

पण तिच्याही मनात तेच होतं. महिन्यातल्या दुसऱ्या शनिवारी केंद्रात घरच्या माणसांची बैठक असे. गोलात खुर्च्या मांडून सगळे आपापलं सांगत. कुणाचा भाऊ, कुणाची सून, कुणाचा नवरा. अनिता बहुतेक वेळा ऐकतच बसायची. पाऊस उघडल्यावरच्या एका शनिवारी बैठक संपली, माणसं जिना उतरून गेली, तरी ती मागं रेंगाळली. ज्योत्स्नाताई खुर्च्या गोळा करत होत्या. अनिता त्यांना हात देऊ लागली.

"ताई, ती बरी हाय न्हवं आता?"

"बरीच बरी आहे. तुम्हाला दिसतंयच की."

"मग माज्या हातचं का खात न्हाई? आजून वाटतं का तिला, मी कायतरी घालते म्हनून?" अनितानं आवाज खाली आणला. "डाक्टरांना इचारून गोळी थोडी वाढवायची का?"

ज्योत्स्नाताईंनी हातातली खुर्ची खाली ठेवली.

"तसं तिला वाटत नाही. मी विचारलं होतं तिला."

"मग?"

ज्योत्स्नाताईंनी कपाळावरचा चष्मा काढून हातात धरला.

"ते आजारामुळं नाही, अनिताताई."

खाली रस्त्यावर कुणीतरी रिक्षाला हाक मारत होतं. अनिता खुर्चीची पाठ धरून उभी राहिली. मग "बरं" म्हणाली, खुर्ची उचलली आणि भिंतीशी इतर खुर्च्यांवर नीट रचून ठेवली. राहिलेल्या तिन्हीही तिनंच रचल्या.

कामशेतला उतरेपर्यंत दिवस कलला होता. पवना धरणाकडं जाणारे जीपवाले स्टेशनबाहेर गिऱ्हाइकं गोळा करत होते. अनितानं वाटेत मेथीची जुडी घेतली. घरी कैलास अजून आले नव्हते. आत दिवा लावलेला होता आणि ओट्यापाशी प्रेरणा कांदा चिरत होती. दुकानातून येऊन तिनं केस धुतले होते, ओल्या केसांचा अंबाडा मानेवर बांधलेला होता. तिचे हात आता थरथरत नव्हते.

अनितानं पिशवी ठेवली, हातपाय धुतले आणि मेथी निवडायला घ्यावी म्हणून ओट्याशी गेली.

"झाली बैठक?" प्रेरणानं विचारलं.

"झाली."

"काय म्हणाल्या ताई?"

"काय न्हाई. तू बरी हायस म्हनाल्या."

प्रेरणानं मान हलवली. चिरलेला कांदा ताटलीत सरकवला, कोपऱ्यातल्या डब्यातून तांदूळ काढले आणि पातेलं घेऊन नळाकडं वळली. नळापुढं अनिता उभी होती.

"आई, जरा सरक. तांदूळ धुवायचेत."

अनिता सरकली. मेथीची जुडी हातात तशीच होती.

"तू बस की बाहेर," प्रेरणा म्हणाली. आवाजात राग नव्हता, थोडी काळजीच होती. "दमली असशील. ओटा मोकळा झाला की हाक मारते."

अनिता बाहेरच्या खोलीत आली. दिवा न लावता भिंतीला टेकून बसली. आत तांदूळ धुतल्याचा आवाज आला, मग कुकरचं झाकण बसवल्याचा, मग काडी ओढल्याचा. जुडी मांडीवर ठेवून ती हाकेकडं कान देऊन बसून राहिली.